खडीखालचं पाणी

दोन फूट बाय एक फूट काच
सायकलच्या कॅरिअरवर, चादरीत गुंडाळून.
विजापूर वेशीतल्या मुनाफच्या दुकानापासून
नीलम नगरापर्यंत
प्रत्येक खड्ड्याला मी उतरून मान दिला.

तळाशी भोकाभोकांची प्लास्टिकची जाळी,
कोपऱ्यात उभी नळी.
जाळीवर चार बोटं खडी, सीनेच्या पात्रातली,
सात पाण्यांनी धुतलेली.
सात नव्हे, तीन.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.

"माणसाला नीळ्ळू लेवू, आणि ह्याला मासे,"
अम्मा म्हणाली
आणि सुपातला तंबाखू झटकून
पुढचं पान कापायला घेतलं.

मुनाफनं सगळं नीट सांगितलं होतं.
पंप हवा सोडतो, बुडबुडे नळीतून वर चढतात,
चढताना खालचं पाणी ओढतात,
म्हणून वरचं पाणी खडीतून खाली मुरतं.
घाण खडीत अडकते.
"आणि मग?"
"मग खडीला जीव येतो. दीड महिना थांब.
घाई केलीस तर मेलेले मोजत बसशील."

थांबलो. दोनच काळ्या मॉली.
दुसऱ्या आठवड्यात पाणी पेजेसारखं पांढुरकं झालं,
मग एका सकाळी निवळलं, आपोआप.
पलीकडच्या भिंतीशी बोल्लींचे टॉवेलचे माग धडधडत होते,
त्या धक्क्यानं पाण्यावर बारीक बारीक चुण्या.

भावनाला बघायला पाहुणे येणार म्हणून
मी सगळी खडी उपसली,
टबात घेऊन ताज्या नळाखाली खसाखसा चोळली.
औषधाचा वास मारत होतं पाणी.
टाकी अशी लख्ख, की मासे हवेत टांगलेत जणू.
पाहुण्यांनी पोहे खाल्ले, टाकीची तारीफ केली,
नंतर कळवतो म्हणाले.
चौथ्या दिवशी मासे वर तोंड काढून धापा टाकत होते.
एक रात्री गेला. एक दुपारी.

मुनाफ रागावला नाही.
"खडी धुतलीस? सगळी? नळाच्या पाण्यानं?"
"हो."
"तीत राहत होते ते."
"कोण?"
"दिसत नाहीत. मासा घाण करतो, ते खातात.
पगार नाही, सुट्टी नाही.
हवा तेवढी लागते."

टाकी ठेवलीय तिथं पूर्वी नानांचा खड्डामाग होता.
माग विकला, खड्डा मुरुमानं भरला,
वर शहाबादी फरशी.
मी लहानपणी त्या खड्ड्यात उतरून बसायचो,
गार असायचं, कापसाची बारीक भुरी,
आणि नानांची पावलं, डावं, उजवं, डावं.
वर लुगडं बघायला आलेली माणसं
काठाचं कौतुक करायची.
मला पावलंच माहीत.

पुन्हा दीड महिना. पुन्हा दोन मॉली.
आता महिन्यातून एकदा पाव टाकी पाणी उपसतो,
नळी खडीत खुपसून, हलक्या हातानं.
ते पिवळट पाणी कढीपत्त्याला.
कढीपत्ता पत्र्याच्या वर गेलाय.

मे महिन्यात डीपी जळाली.
मी कारखान्यात, मागच बंद, तरी गेटवर थांबवून ठेवलेलं.
संध्याकाळी सातला घरी आलो तर
अंधारात अम्मा टाकीजवळ, मांडीत सूप.
तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन
हात उंच करून पुन्हा टाकीत ओतत होती.
धार पडली की बुडबुडे व्हायचे.
"दुपारी बारापासून," भावना म्हणाली.
"पंचवीस विड्यांचा एक कट्टा, कट्ट्यामागं पाच तांबे.
प्रत्येक वेळी आधी हात धुते. तंबाखूचे हात ना."
पिंपात पाणी वीतभर राहिलं होतं,
आणि नळाला अजून दोन दिवस.

साडेनऊला दिवे आले.
पंप घुरघुरला, मागोमाग बोल्लींचे माग.
अम्मानं विड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.
हजार भरल्या नव्हत्या.
उद्या कार्डावर साडेआठशेच चढणार.

दोरा तोडत ती एवढंच म्हणाली,
"परत धुशील बघ खडी."